डीप स्पेस नाइन ही आम्हा गोंयकारांची स्टार ट्रेक (हे मी हुराक, म्हणजे काजूची दारू, न घेता लिहिते आहे)

मांडवीकाठ

परवा आमच्याकडे सात ते अकरा वीज नव्हती. बाहेर पाऊस, आत मेणबत्ती आणि टॅबमध्ये चाळीस टक्के चार्ज. चाळीस टक्क्यांत बसेल ते बघू म्हणून डीप स्पेस नाइनचा 'ड्युएट' हा भाग लावला. आठव्यांदा की नवव्यांदा, मोजणं कधीच सोडलंय. संपल्यावर अंधारात बसून राहिले, आणि बरीच वर्षं डोक्यात घोळत असलेलं इथे उतरवायचं ठरवलं.

स्टार ट्रेक १९६६ पासून चालू आहे. इतक्या मालिका नि सिनेमे झाले की प्रत्येकाचा आपला एक कप्तान ठरलेला असतो. कोण कर्कवाले, कोण पिकार्डवाले, कोण जेनवेवाले. मी सिस्कोवाली, म्हणजे डीप स्पेस नाइनच्या कप्तानाची. पण खरं कारण सिस्को नाही, बजोर आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीप स्पेस नाइन १९९३ ते १९९९ चालली, सात सीझन, १७६ भाग. बाकीच्या मालिकांत यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जातं, तिथल्या लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतं आणि निघून जातं. इथे यान नाही, एका जागी ठाण मांडून बसलेलं अवकाशस्थानक आहे. जे बिघडवलंत ते पुढच्या आठवड्यात तुम्हालाच निस्तरायचं. खाली बजोर नावाचा ग्रह. त्यावर कार्डेशियन लोकांनी पन्नास वर्षं राज्य केलं, खनिज लुटलं, आणि ते शुद्ध करायला बजोरच्याच वेठबिगारांना राबवून हे स्थानक चालवलं. नाव होतं तेरोक नोर. मग एक दिवस ते गेले. बजोरच्या हंगामी सरकारने फेडरेशनला, म्हणजे पृथ्वी नि इतर ग्रहांच्या संघाला, बोलावलं, पाटी बदलली, डीप स्पेस नाइन झालं. भिंती त्याच. दारं तीच. दिवेसुद्धा तेच, मंद नि पिवळट. स्थानकाच्या अभियंत्याचं, बिचाऱ्या ओब्रायनचं, अर्धं आयुष्य कार्डेशियन संगणकाशी भांडण्यात जातं.

गोंयकार माणूस इथे थबकतोच. पणजीत मांडवीच्या काठावरचा आदिलशहाचा वाडा आठवा. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहायला आला. १९६१ नंतर आपलं सचिवालय तिथेच, विधानसभाही तिथेच, पर्वरीला नवी इमारत होईपर्यंत. ज्या वास्तूतून हुकूम सुटायचे तिथेच बसून आपले आमदार एकमेकांवर ओरडायचे. तेरोक नोर याहून वेगळं काय? बरं, भिंतींचं सोडा. नागरी कायदा आजही मुळात १८६७ चा पोर्तुगीज. माझ्या मामाच्या घराच्या वाटणीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि पणजीतले एक म्हातारे गृहस्थ पानामागे पैसे घेऊन भाषांतर करून देतात. ओब्रायनला निदान ते काम पगारात होतं.

आता 'ड्युएट'. पहिल्या सीझनच्या शेवटाकडचा भाग, १९९३ चा. पुढचं वाचलंत तर शेवट कळणार, आधीच सांगते. एक आजारी कार्डेशियन स्थानकावर येतो. आजार असा की तो फक्त गालिटेपच्या, कार्डेशियनांच्या वेठबिगार छावणीत, एका ठरावीक अपघाताच्या वेळी असलेल्यांनाच होतो. स्थानकावरची बजोरची अधिकारी मेजर कीरा पूर्वाश्रमीची भूमिगत चळवळीतली, ती त्याला तडक कोठडीत घालते. तो म्हणतो, मी साधा कारकून, फायली लावायचो. मग म्हणतो, छे, मीच तो छावणीचा क्रूर प्रमुख, आणि मला त्याचा अभिमान आहे. कीरा खणत जाते तेव्हा कळतं की तो खरंच कारकून, नाव मारित्झा. रात्री किंकाळ्या ऐकू यायच्या तेव्हा कानांवर हात दाबून पडून राहायचा. पुढे त्याने स्वतःचा चेहरा त्या प्रमुखासारखा करून घेतला आणि मुद्दाम पकडला गेला, का तर आपल्यावर खटला चालावा आणि आपल्या देशाने एकदाचा गुन्हा कबूल करावा.

माझे आजोबा फाझेंदमध्ये कारकून होते. पोर्तुगीज सरकारच्या महसूल खात्यात. त्यांचे धाकटे भाऊ सत्याग्रही, १९५५ साली पकडले गेले, आग्वादच्या तुरुंगात होते. मुक्तीनंतर दोघं एकाच घरात, एकाच सोप्यावर बसून चहा प्यायचे. दर १८ जूनला, गोवा क्रांतिदिनी, काका-आजोबांना गावात बोलावणं यायचं, शाल-श्रीफळ असायचं. आजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून सोबत जायचे आणि शेवटच्या रांगेत बसायचे. भावाच्या अटकेचा कागद कधी त्यांच्या टेबलावरून गेला का, हे घरात कुणी विचारलं नाही. महसूल खातं, कशाला जाईल म्हणा. मी एकदा, नववीत असताना, विचारलं की आजोबा, तुम्ही तेव्हा काय करायचात? आमच्या घरात बोलणं कोंकणी, लिहिणं मराठी. ते म्हणाले, "हांव फकत बरयतालों." मी फक्त लिहायचो.

मारित्झाचं पहिलं उत्तर जवळजवळ हेच आहे.

आजोबा काही मारित्झा नव्हेत. त्यांनी काही कबूल केलं नाही, कारण कबूल करण्यासारखं काही होतं की नाही हेच मला माहीत नाही. पण असल्या माणसासाठी गोष्टीत जागा असते, हे मला कुठल्याही मुक्तिसंग्रामाच्या धड्याने सांगितलं नाही. कपाळाला वळ्या चिकटवलेल्या नटांनी सांगितलं. तुम्हाला कुठला भाग असा आपल्या घरातला वाटला?

पुणेरी क्लिंगॉन

लिहिलंय छान, पण थोडं ओढून-ताणून वाटलं. छावण्या, वेठबिगारी, हुकूम पाळणारा कारकून हे सरळसरळ दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आहे. गोवा त्यात कुठून आला? आणि पन्नास वर्षं कुठे, साडेचारशे कुठे.

बाकी माझं मत जगजाहीर आहे, पिकार्डच्या नेक्स्ट जनरेशनच्या पुढे सगळं पाणी कम. १७८ भाग आहेत, त्यातले पहिल्या सीझनचे सोडून द्या.

हुराक

पुणेरी पात्रांव, रूपक लिहिणाऱ्याचं असतं, बघणाऱ्याचंही असतं. आम्ही आमच्या सोप्यावर बसून बघतो.

मला या मालिकेत सगळ्यात जवळचा वाटतो तो खलनायक, गल दुकात. बजोरचा शेवटचा कार्डेशियन अधिकारी. सहाव्या सीझनमध्ये तो तक्रार करतो की मी या लोकांसाठी एवढं केलं, लेकरांसारखं सांभाळलं, आणि आजतागायत बजोरवर माझा एक पुतळा नाही! मी हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. बाबा दुकाता, तू चुकीच्या ठिकाणी राज्य केलंस. गोव्यात आला असतास तर ओल्ड गोव्याच्या कमानीवर पुतळा, वर एक अख्खं शहर, आणि रोज दिल्लीहून येणाऱ्या गाडीवर तुझ्या नावाची पाटी. आमच्याकडे वास्को द गामाने काय केलं म्हणून त्याला एवढं मिळालं?

अजून एक. बजोरचा कुणी माणूस 'आजा कार्डेशियन राजवटीत जन्मला' असं दाखवून कार्डेशियन पासपोर्ट काढतोय आणि इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामात कामाला जातोय, असा भाग त्यांनी केला नाही. आमच्या वाड्यावरून असेच पोर्तुगीज पासपोर्टवर तिघे गेले. लेखकांनी गोव्यात एक महिना काढायला हवा होता.

पेडण्याचो

तुम्ही सगळे कालची पोरं. मी मूळ मालिका ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर बघितली आहे. वाड्यावर एकच टीव्ही, खिडकीत पंधरा डोकी, आणि अँटेना फिरवायला छपरावर कायम एक बळीचा बकरा.

आज लोक त्या थर्माकोलच्या खडकांना हसतात. आम्ही कधी हसलो नाही, कारण आम्ही दशावतार बघत मोठे झालो. एक बाक हेच सिंहासन, तोच डोंगर. राजाने रंगमंचावर एक फेरी मारली की तो इंद्रलोकात पोचला. कुणी विचारलं का, कसा पोचला? तो ट्रान्सपोर्टर म्हणजे दुसरं काय? दर भागात यान ग्रहावर उतरवायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी माणसं चमचम करून थेट खाली पाठवली. गरिबीतून निघालेली युक्ती. आमच्या नाटकमंडळींना हे समजावून सांगावं लागत नाही.

अवघे ७९ भाग, तीन सीझन, १९६९ ला गाशा गुंडाळला. पण त्या टेबलाभोवती बघा कोण बसलेत: काळी बाई, जपानी माणूस, ऐन शीतयुद्धात रशियन पोरगा. पहिल्या चाचणी भागात बाई यानाची उपकप्तान होती, तो भागच वाहिनीने परत पाठवला. हिशोब तिथून धरा.

आपल्या देशाचं एकच दुखणं. खान नूनियन सिंग हा म्हणे उत्तर हिंदुस्थानातला शीख, आणि १९६७ मध्ये त्याचं काम केलं मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटालबान यांनी. केलं मात्र असं की मी माफ केलं. २०१३ ला तेच काम गोऱ्या इंग्रजाला दिलं, ते माफ केलेलं नाही. बरं, १९७९ च्या पहिल्या सिनेमात डोकं तासून उभी राहिलेली आयलिया म्हणजे आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, हे किती जणांना ठाऊक आहे?

व्हल्कन वहिनी

पेडण्याचो, दशावतार आणि ट्रान्सपोर्टर! हे माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं, तो अजून हसतोय.

माझा भाग नेक्स्ट जनरेशनमधला 'डारमॉक', १९९१ चा. त्यातल्या परग्रहवासीयांचा शब्द न शब्द यंत्राला कळतो, तरी बोलणं कळत नाही, कारण ते लोक फक्त आपल्या जुन्या गोष्टींचे दाखले देऊन बोलतात. गोष्ट माहीत नसेल तर सगळं व्यर्थ. पिकार्डला त्यांच्या कप्तानासोबत एका ग्रहावर श्वापदाशी झुंजावं लागतं, तेव्हा कुठे अर्थ लागतो.

बाहेरच्यांना ही कल्पना फार अचाट वाटते. मला वाटली नाही. माझी सासू दिवसभर याच भाषेत बोलते. भाजी बिघडली की "पानिपत झालं". जावेने निरोप उलटा सांगितला की "ध चा मा". डबा पुरून उरला की "द्रौपदीची थाळी". लग्न होऊन आमच्याकडे आलेल्या माझ्या मल्याळी जावेला मराठी व्याकरण सहा महिन्यांत आलं, सासू कळायला सहा वर्षं लागली. तिला मी 'डारमॉक' दाखवलं. ती म्हणाली, हे आधी का नाही दाखवलंस?

कॅडेट ०८३२

मी वीस वर्षांचा, त्यामुळे मार खायच्या तयारीने लिहितो. मी लोअर डेक्सपासून सुरुवात केली. ती कार्टून आहे, विनोदी आहे, पण लिहिणाऱ्यांचं ट्रेकवर प्रेम आहे हे कळतं. डिस्कव्हरीचे दोन सीझन पाहिले. प्रत्येक वेळी अख्खं विश्वच वाचवायचं असतं, नायिका दर भागात रडते, मी दमलो.

डीप स्पेस नाइन तीन भाग बघून सोडली होती. फार हळू. सगळे नुसते उभं राहून बोलतात.

मांडवीकाठ

कॅडेट, मार नाही, पण थांब. 'उभं राहून बोलतात' ही तक्रार नाही, तीच गंमत आहे. तेव्हा वर्षाला वीस-सव्वीस भाग करावे लागत. सीझनच्या शेवटी पैसे संपत आलेले असायचे, मग एक स्वस्तातला भाग लिहायचा: जुनाच सेट, मोजके नट, यान-बिन काही नाही. 'ड्युएट' तसाच, काटकसरीतून निघालेला. एक कोठडी, एक बाई, एक म्हातारा. आता दहा भागांचा सीझन असतो आणि प्रत्येक भागावर सिनेमाएवढा खर्च. त्यात कारकुनाला चाळीस मिनिटं कोण देणार? नव्यांपैकी स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स मला आवडते, पण तिलाही श्वास घ्यायला भाग कमी पडतात.

पुणेरी, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पन्नास वर्षांत कार्डेशियन बजोरच्या स्वयंपाकघरात काहीच ठेवून गेले नाहीत, एक पावसुद्धा नाही. आमच्याकडे सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला नाही तर दिवस सुरू होत नाही. साडेचारशे वर्षांत राज्यकर्ता आणि रयत यांची जी सरमिसळ होते, ती या मालिकेला जमलेली नाही. एक गॅरॅक शिंपी आहे, मागे राहिलेला कार्डेशियन, त्याच्यावर भागवावं लागतं.

पण दुसरी एक गोष्ट त्यांनी अचूक पकडली आहे. सिस्कोला पाठवलंय तेच मुळी बजोरला फेडरेशनमध्ये सामील करून घ्यायला. आणि कीरा पहिल्याच भागात म्हणते की फेडरेशनचं इथे काही काम नाही. एक मालक गेला, आता लगेच दुसऱ्या मोठ्या घरात का शिरायचं? पाचव्या सीझनमध्ये सामीलनाम्यावर सह्या व्हायच्या दिवशी सिस्को स्वतःच धावत येऊन सांगतो, आत्ता नको. शेवटपर्यंत बजोर बाहेरच राहतं.

१६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. फूल की दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. आमच्या घरात सत्याग्रही काका-आजोबांनी दोन पानांवर शिक्का मारला आणि फाझेंदच्या कारकुनाने फुलावर. आईला अजून त्याचं कोडं पडतं.

फूलवाला

दोन पानं जिंकली त्याचे परिणाम आज भोगतोय. मराठीचं काय झालं ते बघताच आहात. हा विषय काढलाच आहे तर

हुराक

हां, आला. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट, आणि धाग्यावर विलीनीकरण, वर्षाला एकदा बांधावीच लागते.

संपादक

१९६७ ची मतमोजणी पुन्हा इथे घेऊ नये. सात प्रतिसाद उडवले आहेत. धागा स्टार ट्रेकवर आहे. फूलवाला, वेगळा धागा काढा, आम्ही तिथेही उडवू.

साळावली

दोन दिवस वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं.

मांडवीकाठने विचारलं, कुठला भाग घरातला वाटला. पहिल्याच सीझनमधला 'प्रोग्रेस'. बजोरच्या एका चंद्रावरून ऊर्जा काढायची असते, त्यामुळे तिथली हवा राहण्याजोगी उरणार नसते. सगळे उठून जातात, एक म्हातारा शेतकरी जात नाही. त्याला हलवायला कीराला पाठवतात. कीराला त्याचंच पटत असतं, कारण सगळं आयुष्य तिने सत्तेशी झगडण्यात घालवलं, आणि आता सत्ता तीच. ती त्याच्यासोबत राहते, त्याची अर्धवट भट्टी बांधून पुरी करते. आणि शेवटी स्वतःच्या हातांनी ती भट्टी मोडते, त्याचं खोपटं पेटवते, म्हणजे त्याला राहायला जागाच उरू नये.

माझ्या आईचं माहेर कुर्डी, सांगे तालुका. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हटलं की लोकांना कळतं. साळावली धरणात गेलं. आईच्या माणसांना वाडें गावात जागा दिली. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडांवर आकडे घालून उचललं आणि धरणाजवळ पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. आजीवर कुणी आकडे घातले नाहीत. ती नव्या घरात सात वर्षं जगली आणि सातही वर्षं तिने न्हाणीघर चुकीच्या बाजूला शोधलं.

मे महिन्यात पाणी उतरतं. मग जोती दिसतात, विहिरींचे काठ दिसतात, पाण्यात राहून काळे पडलेले माडांचे बुंधे. लोक जातात, सोमेश्वराजवळ जमतात, आपापलं जोतं शोधून त्यावर बसून जेवतात. पावसाला सुरुवात झाली की पुन्हा वर्षभर सगळं पाण्याखाली.

त्या पाण्यावर दक्षिण गोव्याचे नळ चालतात. मी मडगावात राहते. माझ्या घरातही तेच पाणी येतं. म्हणून मला त्या भागात म्हाताऱ्याचा राग येत नाही नि कीराचाही येत नाही, फक्त ते खोपटं पेटतं तेव्हा मी उठून आत जाते.

व्हल्कन वहिनी

न्हाणीघर.

पुणेरी क्लिंगॉन

ओढून-ताणून म्हणालो होतो ते मागे घेतो. आज 'प्रोग्रेस' परत बघितला. आमच्याकडे पानशेतच्या बाजूची काही घरं माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्या आजी-आजोबांना हे कधी विचारलंच नाही.

नेक्स्ट जनरेशन तरीही वरचढ. 'इनर लाइट' बघा आणि मग बोला.

पेडण्याचो

'इनर लाइट' मान्य. पिकार्ड पंचवीस मिनिटांत अख्खा संसार जगून परत येतो आणि हातात उरते ती फक्त एक बासरी. आमच्या बायकोने तो एकच भाग पाहिलाय, पण दर वर्षी लावायला सांगते.

कॅडेट ०८३२

बाकी सगळं सोडून काल रात्री थेट 'ड्युएट' बघितलं. शेवटी तो बजोरचा माणूस मारित्झाला भोसकतो आणि कारण काय देतो, तर तो कार्डेशियन होता, एवढं पुरे. आणि कीराच नाही म्हणते. जी पहिल्या दृश्यात हेच म्हणाली असती.

मी 'हळू' म्हणालो ते खोडता येतं का? संपादन करायची मुदत संपलीय. सुरुवात पहिल्यापासून करू का?

मांडवीकाठ

पहिला भाग 'एमिसरी' बघ, मग 'प्रोग्रेस', मग पुन्हा 'ड्युएट', आणि थेट दुसऱ्या सीझनला लाग. फेरेंगींचे, म्हणजे त्या पैसेलोभी परग्रहवासीयांचे, भाग पहिल्या फेरीत गाळले तरी चालतील, हुराक चिडेल. सहाव्या सीझनमधल्या 'इन द पेल मूनलाइट'पर्यंत पोचलास की इथे येऊन सांग, तिथे सिस्कोवर माझं नि हुराकचं दहा वर्षांचं भांडण बाकी आहे.

साळावली, पुढच्या मे महिन्यात तुम्ही कुर्डीला जाल तेव्हा मला यायला आवडेल. चालेल का, निरोपात कळवा.

आणि एक. काल आईला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. कोंकणीत समजावत, कारण दुकात कोण नि सिस्को कोण हे तिला सांगण्यातच अर्धा तास गेला. आजोबांच्या शर्टापाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, अर्धंच लिहिलंस. १८ जूनच्या आदल्या रात्री कोळशाची इस्त्री घेऊन ते सोप्यावर बसायचे ते दोन शर्ट घेऊन. भावाचा आधी करायचे, मग स्वतःचा.